मण्यार, पापणी आणि पन्नास नॅनोमीटरची फट

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर रोज कुणाचे तरी स्नायू औषधाने सैल करायचे आणि काम झालं की ते परत जागे करायचे, हा माझा धंदा. त्यामुळे चेतातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेशी माझी रोजची ओळख आहे. तरीही ती जागा मला खऱ्या अर्थाने कळली ती कोकणातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, एका मुलाच्या सात दिवसांत. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय भाग घडला तसाच ठेवला आहे.

सकाळी ७.४०

जुलै महिना, लावणीचे दिवस. मुलगा १९ वर्षांचा. आदल्या दिवशी दिवसभर चिखलात उभं राहून आलेला, रात्री भाकरी-कालवण खाऊन पडवीला लागून असलेल्या खोलीत जमिनीवर गोधडी टाकून झोपलेला. पहाटे तीनच्या सुमारास पोटात कळा यायला लागल्या म्हणून उठला. आजीने ओवा दिला. साडेचारला उलटी झाली. जवळच्या एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. सहाच्या पुढे त्याचा आवाज नाकातून यायला लागला, चहाचा घोट गिळेना, आणि डोळे मिटू लागले. रात्रभर जागरण झालंय, झोप आली असेल, असं घरच्यांना वाटलं.

त्याला आणलं तेव्हा तो शुद्धीत होता. नाव विचारलं तर सांगत होता, पण बोबडं. डोक्यामागे हात लावून "मान उचल" म्हटलं तर उचलता येईना. पापण्या अर्ध्याच्या खाली आलेल्या. समोरच्याकडे बघायचं तर तो पूर्ण डोकं मागे टाकून बघायचा. कपाळावर आठ्या घालून पापणी वर ओढायची धडपडही जमत नव्हती, कारण कपाळाचे स्नायूही ढिले पडले होते. चिमटा काढला की कळत होतं. हातापायांत जोर होता, फक्त थोडा कमी.

मी त्याला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. चौदावर थांबला. त्याच्या वयाचा मुलगा तिशीच्या पुढे सहज जातो.

"डॉक्टर, तो डोळे का उघडत नाय?" आजीने विचारलं. मी म्हटलं, "आजी, त्याला बहुतेक रात्री मण्यार चावलीये." "पण चावल्याचं काही दिसत नाय," आजी म्हणाल्या. खरंच दिसत नव्हतं. सिस्टरांनी आणि मी बोटांच्या बेचक्यांपासून कानामागपर्यंत बघितलं. मण्यारीचे दात बारीक असतात, चावा बहुतेकदा दुखत नाही, सूजही येत नाही. रात्री उंदरांच्या मागे घरात शिरलेली मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली सापडते आणि चावते, माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. त्यामुळे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आलं आणि पापण्या खाली येत असल्या, तर खुणेसाठी अडून बसायचं नसतं.

दुसरी शंका कीटकनाशकाची होती. शेतीच्या गावात ती घ्यावीच लागते. पण त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम वाहतो, स्नायू कातडीखाली तडतडतात. याचं अंग कोरडं, स्नायू शांत. काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं, ते व्यवस्थित गोठलं. म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या घोणस-फुरशाचा प्रकार नव्हता.

त्या फटीत काय चालतं

पुढे केलेल्या आणि न केलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण इथे आहे, म्हणून हे जरा निवांत सांगतो.

पापणी उचलायची इच्छा मेंदूत होते. तिथून निघालेला विजेचा संदेश चेतातंतूतून धावत स्नायूपर्यंत येतो आणि स्नायूला टेकायच्या जरा आधी थांबतो. तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये साधारण ५० नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग. वीज ही फट ओलांडत नाही. ओलांडतं ते एक रसायन, ॲसिटिलकोलीन.

तंतूच्या टोकात या रसायनाच्या हजारो पुरचुंड्या बांधून तयार असतात. एकेका पुरचुंडीत साधारण पाच ते दहा हजार रेणू. काही पुरचुंड्या अगदी कडेच्या पडद्याला लागून, बाकीच्या मागे राखीव. संदेश टोकाला पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, आणि पुरचुंडीवरची प्रथिनं पडद्यावरच्या प्रथिनांना पीळ घालून पुरचुंडी पडद्यात ओढून घेतात. पुरचुंडी फुटते, माल फटीत सांडतो. हे सगळं एक मिलिसेकंद संपायच्या आत.

पलीकडे स्नायूच्या पडद्याला घड्या असतात. त्या घड्यांच्या माथ्यावर रिसेप्टर, म्हणजे हे रसायन पकडणारी प्रथिनं, दाटीवाटीने बसलेले, एका चौरस मायक्रॉनला दहा हजारांच्या आसपास. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू एकाच रिसेप्टरला लागले की त्याचं दार उघडतं आणि सोडियम आत जातं. पुरेशी दारं उघडली तर स्नायूत स्वतःची वीज पेटते, ती आतल्या नळ्यांतून खोल उतरते, तिथल्या कोठारातलं कॅल्शियम मोकळं होतं, आणि ॲक्टिन-मायोसिनचे धागे एकमेकांवर सरकतात. पापणी उचलली जाते. दरम्यान फटीतलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम सांडलेलं ॲसिटिलकोलीन तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या संदेशासाठी जागा रिकामी.

माल मोजूनमापून, पुरचुंडीच्या हिशोबानेच सुटतो हे बर्नार्ड काट्झ आणि पॉल फॅट यांनी १९५०च्या सुमारास बेडकाच्या स्नायूत दाखवलं. संदेश आलेला नसतानाही स्नायूत मधूनमधून अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे इवलेसे धक्के उमटतात, असं त्यांना दिसलं. एकेक धक्का म्हणजे एकेक पुरचुंडी, आपली आपण फुटलेली. काट्झ यांना १९७०चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. मला ती नोंद फार आवडते. सगळं शांत असताना तंतू अधूनमधून स्नायूला नुसता हात लावत राहतो.

या व्यवस्थेत राखीव भरपूर असतं. स्नायू पेटायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त माल एका संदेशाला सुटतो, आणि लागतात त्यापेक्षा रिसेप्टरही कितीतरी जास्त. भूल देताना मी हे रोज बघतो. औषधाने सत्तर टक्के रिसेप्टर अडवले तरी स्नायू आकुंचन पावत असतो, आणि त्याच्या वर थोडं आणखी औषध गेलं की झपाट्याने ढेपाळतो. मण्यारीच्या विषातही हेच होतं. पहिले काही तास माणूस चालतो-बोलतो, कारण राखीव साठ्यावर चाललेलं असतं. ते संपलं की अर्ध्या तासात चित्र पालटतं. पापणी सगळ्यांत आधी जाते. जागेपणी ती क्षणभरही सुट्टी न घेता उचलून धरावी लागते आणि तिथल्या स्नायूंचं राखीव कमी असतं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू, बऱ्याच उशिरा पडतं. पापणी पडण्यापासून श्वासपटल पडण्यापर्यंतचा वेळ हाच डॉक्टरच्या हातातला वेळ.

एक इंजेक्शन आणि एक पट्टी

प्रतिविषाच्या दहा वायल्स सलाईनमधून सुरू केल्या. आपल्याकडचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून बनतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच असतं. त्याची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलीन भरून हाताशी ठेवलं होतं. विसाव्या मिनिटाला अंगावर गांधी उठल्या तेव्हा ते लगेच मांडीत दिलं, पंधरा मिनिटं थांबून प्रतिविष पुन्हा चालू केलं.

त्याच वेळी निओस्टिग्मीनची चाचणी केली. साधी असते, पण नीट केली तर फट डोळ्यांसमोर उघडून दाखवते. प्लास्टिकची पट्टी घेऊन दोन पापण्यांमधलं अंतर मोजलं: ४ मिलिमीटर. मग शिरेतून ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपीन आणि स्नायूत १.५ मिलिग्रॅम निओस्टिग्मीन. निओस्टिग्मीन कोलिनएस्टरेजला अडवतं, म्हणजे फटीत सुटलेलं ॲसिटिलकोलीन लवकर तुटत नाही, साठत जातं. ते हृदयाजवळही साठतं आणि ठोके मंदावतात, म्हणून जोडीला ॲट्रोपीन.

नाग चावलेल्या एका बाईंना आदल्याच वर्षी हेच इंजेक्शन दिलं होतं. अर्ध्या तासात पापणी ३ वरून ९ मिलिमीटरवर गेली होती आणि त्या आमच्याकडे बघून हसल्या होत्या. नागाचं चेताविष पलीकडच्या काठावर, स्नायूच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. तंतू शाबूत, पुरचुंड्या शाबूत, फक्त दारं अडवलेली. ॲसिटिलकोलीन वाढलं की ते विषाशी जागेसाठी झगडतं आणि काही दारं मोकळी करतं.

इथे दहाव्या मिनिटाला ४. विसाव्याला ४. तिसाव्याला ३.

म्हणजे विष अलीकडच्या काठावर होतं. मण्यारीच्या विषात दोन्ही तऱ्हेचे घटक सापडतात, पण माणसाला लुळं पाडण्याचं मुख्य काम तंतूच्या टोकावर हल्ला करणारे घटक करतात. त्यांतल्या बीटा-बंगारोटॉक्सिनचे दोन भाग जोडलेले असतात. एक भाग तंतूच्या टोकावरचं पोटॅशियमचं दार ओळखून तिथे चिकटतो, म्हणजे पत्ता शोधतो. दुसरा फॉस्फोलिपेज हे एन्झाइम असतो, तो टोकाचा स्निग्ध पडदाच कुरतडायला लागतो. पुरचुंड्या फुटतात पण पुन्हा बांधल्या जात नाहीत. कॅल्शियम अनावर आत शिरतं, आतली ऊर्जाकेंद्रं बिघडतात, साठा संपतो. प्रयोगातल्या उंदरांमध्ये काही तासांतच टोकातल्या पुरचुंड्या दिसेनाशा होतात आणि २४ तासांत टोकंच मोडून पडलेली आढळतात. तिथे मालच सुटत नसेल तर तो तुटू न देणारं औषध काय करणार? निओस्टिग्मीनचा दुसरा डोस मी दिला नाही.

प्रतिविषाचंही तसंच. ते रक्तात फिरणारं विष पकडतं, आणि म्हणून ते लवकरात लवकर द्यायलाच हवं. पण टोकात शिरून बसलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही आणि मोडलेलं टोक ते बांधून देत नाही. दोन तासांनी आणखी दहा वायल्स दिल्या आणि तिथे थांबलो. पुढे तीन दिवस नातेवाईक विचारत राहिले की आणखी का देत नाही, बाहेरून आणून देतो, पैशाची चिंता करू नका. त्यांना कागदावर फट काढून दाखवली. मुलाच्या काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाला ते तो उलगडून समजावत होते. त्यानंतर वायल्सचा आग्रह बंद झाला.

या कुळातल्या सापांचं ऋण मात्र मान्य करायला हवं. १९६३ साली तैवानमध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा आणि बीटा हे दोन घटक वेगळे केले. अल्फा रिसेप्टरला इतका घट्ट धरतो की त्याला खूण म्हणून वापरून पुढे विद्युत माशाच्या अवयवातून तो रिसेप्टर पहिल्यांदा वेगळा काढता आला. तोवर रिसेप्टर ही बरीचशी कल्पनाच होती.

नळी

८.५० ला त्याने पुन्हा आकडे मोजले. सहावर श्वास संपला. ऑक्सिजन अजून ९५ टक्के दाखवत होता. त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो, तो शेवटी पडतो. लाळ घशात साठत होती आणि ती गिळता येत नव्हती. सव्वानऊला श्वासनलिकेत नळी घातली. एरवी या कामासाठी मी स्नायू सैल करणारं औषध देतो. त्या दिवशी गरज नव्हती, सापाने ते काम केलं होतं. झोपेचं थोडं औषध मात्र दिलं. त्याला सगळं कळत होतं, आणि नळी जाताना कळू नये एवढं तरी आपण करू शकतो.

आमच्याकडे एकच व्हेंटिलेटर होता आणि त्या दिवशी तो मोकळा होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मण्यारीच्या पेशंटचा जीव वाचवतो तो श्वास. व्हेंटिलेटर नसेल तर हाताने दाबायचा अंबू फुगाही चालतो, फक्त तो दाबणारे हात हवेत आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबता कामा नयेत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्यांत मण्यारीचे किती, ते मला माहीत असतं तर लिहिलं असतं. पण ज्यांच्यापर्यंत फक्त श्वास पोचायला हवा होता, असे त्यांत नक्कीच असणार.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्ण लुळा होता. बोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नव्हता. पापणी वर करून टॉर्च टाकला तर दोन्ही बाहुल्या मोठ्या झालेल्या आणि प्रकाशाला हलत नव्हत्या. आमच्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, मेंदू गेलाय का?" दाराशी आजी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

प्रश्न चुकीचा नव्हता. हे चित्र आणि मेंदू मृत झाल्याचं चित्र बाहेरून सारखं दिसू शकतं, आणि तिथेच घात होतो. बाहुली लहान करणारा स्नायूही ॲसिटिलकोलीनवर चालतो. त्याच्याकडे जाणाऱ्या तंतूंनाही हे विष बाधू शकतं, म्हणून बाहुली उघडी राहते. विष मेंदूत शिरत नाही. स्पर्श, वेदना, ऐकणं, सगळं चालू असतं. बंद पडलेला असतो तो फक्त उत्तर द्यायचा रस्ता.

मी आजींना आत बोलावलं, म्हटलं, "त्याच्याशी बोला." त्यांनी कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, मी आहे हां इथे. लावणीचं टेन्शन घेऊ नको, काका बघतायत." मॉनिटरवर ठोके ८६ होते. बोलणं संपेपर्यंत ११० झाले. तरुण डॉक्टरने ते पाहिलं. त्यानंतर वॉर्डात कुणाला काही सांगावं लागलं नाही. सुई टोचायच्या आधी सिस्टर त्याला सांगायच्या, कूस बदलायच्या आधी मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, सांगायचे. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालून पापण्या पट्टीने मिटायच्या, आणि मिटण्याआधी सांगायचं की आता अंधार होईल. झोपेचं औषध रात्री चालू, दिवसा कमी.

त्या रात्री दीडच्या सुमारास वीज गेली. जनरेटर चालू व्हायला चाळीस मिनिटं लागली. व्हेंटिलेटरची बॅटरी जुनी, ती पाचच मिनिटांत बोंबलू लागली. नळीला अंबू फुगा लावला आणि आळीपाळीने दाबत राहिलो, आधी मी, मग सिस्टर, मग मामा. मोबाईलच्या उजेडात छाती वर येते की नाही एवढंच बघत. फुगा दाबताना फुफ्फुसाचा भार तळहाताला लागतो. मिनिटाला १४, म्हणजे दर चार सेकंदांनी एक.

चौथ्या दिवसानंतर

इथे डॉक्टरने करण्यासारखं फारसं नसतं. तोंड, फुफ्फुसं आणि कातडी स्वच्छ ठेवायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, नळीतून पेज द्यायची. बाकीचं काम चेतातंतू करतो. मोडलेलं टोक साफ होतं आणि तंतू जुन्याच जागेकडे नवा कोंब काढतो. स्नायूच्या पडद्यावर रिसेप्टरची जागा राखून ठेवलेली असते. कोंब तिथे पोचतो, पुरचुंड्या नव्याने बांधतो. प्रयोगातल्या उंदरांत हे तिसऱ्या दिवसाच्या आसपास सुरू होऊन आठवड्याभरात बरंचसं पुरं होतं. आमच्या मुलाचं वेळापत्रक जवळपास तसंच निघालं.

चौथ्या दिवशी दुपारी अंग पुसताना मामांना उजव्या पायाचा अंगठा हलल्यासारखा वाटला. मी गेलो, म्हटलं, "अंगठा हलव." हलला. पुन्हा म्हटलं, पुन्हा हलला, पण कमी. तिसऱ्यांदा नाही. नव्या कोंबात माल थोडाच असतो, दोन हाकांत संपतो. त्याला विश्रांती दिली. पाचव्या दिवशी पापणी २ मिलिमीटर. सहाव्या दिवशी डोकं उशीवरून उचलून पाच सेकंद धरलं, आणि आम्ही त्याला थोडा थोडा वेळ स्वतःच्या श्वासावर सोडू लागलो. सातव्या दिवशी सकाळी नळी काढली. अकराव्या दिवशी तो चालत घरी गेला. काकांनी तोवर एक खाट आणि मच्छरदाणी विकत घेतली होती, आणि पडवीतला पेंढा-लाकूडफाटा हलवला होता.

तीन आठवड्यांनी तो तपासणीला आला. एका श्वासात ३४ आकडे मोजले. चढण चढताना पाय लवकर थकतात एवढीच तक्रार. मी त्याला विचारलं, काय काय आठवतं. लावणीचं आजींचं बोलणं आठवत होतं. "मेंदू गेलाय का" हेही त्याने ऐकलं होतं.

मग म्हणाला, "लाईट गेली होती ना एका रात्री? तुमचा श्वास जोरात यायचा. सिस्टरचा एकसारखा. मामांचा मध्ये मध्ये छोटा यायला लागला, तेव्हा मला कळलं ते दमलेत. मला सांगायचं होतं की बदला कुणीतरी."